कुस्ती पीटीच्या तासाला?

आमच्या शाळेच्या जुन्या मुलांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. परवा एकीने त्यावर टाकलं, की कराडजवळच्या तिच्या झेडपी शाळेत पाचवीच्या मुलांनी खाशाबा जाधवांच्या कुस्तीचं धावतं वर्णन लिहिलं. कौतुक राहिलं बाजूला. मराठी शिकवून निवृत्त झालेले एक सर लिहितात, 'भाषेच्या तासाला कविता वाचावी. कुस्तीसाठी पीटीचा तास आहे.' खाली अंगठ्यांची रांग.

इंग्लंडमध्ये, लेस्टरला बसून मला हे झोंबतं, याचंही काहींना हसू येतं.

इथे यावर कोणी भांडत नाही. प्रीमियर लीग या फुटबॉल लीगच्या 'प्रायमरी स्टार्स' या शालेय उपक्रमात पीई आणि गणितासोबत इंग्रजीचेही धडे असतात. फुटबॉलपटू मार्कस रॅशफर्डने २०२१ मध्ये बुक क्लब काढून मुलांना पुस्तकं फुकट वाटली. माझ्या मुलाच्या इयर फाइव्हने हाफ टर्मच्या आधी मॅच रिपोर्ट लिहिले. निकाल पहिल्याच वाक्यात, मग काय घडलं आणि कशामुळे. आमच्या वेळी 'माझा आवडता खेळ' हा निबंध 'खेळामुळे शरीर सुदृढ होते'ने सुरू केला की मार्क पक्के. खेळ कोणता, हे दुसऱ्या परिच्छेदात कळायचं.

लेस्टरच्या पोरांना फुटबॉलपटू जेमी व्हार्डीची गोष्ट सांगायला लागत नाही. कारखान्यात मोडलेल्या हातापायाला लावायचे स्प्लिंट बनवत छोट्या क्लबकडून खेळणारा माणूस, २०१६ मध्ये प्रीमियर लीग जिंकणाऱ्या लेस्टर सिटीच्या संघात. सीझनच्या सुरुवातीला सट्टाबाजारात लेस्टर जिंकण्यावर ५००० ला १ असा भाव होता.

खाशाबांची गोष्ट तसूभरही कमी नाही. गोळेश्वरच्या तांबड्या मातीतला पैलवान १९४८ मध्ये लंडनला मॅटवर उतरला, सहावा आला. १९५२ मध्ये हेलसिंकीत ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तिकडे जायला पैसे नव्हते. लोकवर्गणी झाली आणि राजाराम कॉलेजच्या खर्डेकर सरांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. आता मुलांना सांगा, खाशाबा होऊन खर्डेकरांना हेलसिंकीहून पत्र लिहा. घर सोडवायचंय हे माहीत असलेला माणूस पहिल्या ओळीत काय लिहील? पाचवीतलं मूल यावर पेन चावत बसेल. तेच तर हवंय. पत्रलेखनाचा याहून चांगला प्रश्न ग्रुपवरच्या सरांनी मला दाखवावा.

एका वर्गमित्राने टाकलंच, 'तिकडे बसून सांगायला काय जातं?' काही जात नाही. इथल्या शाळांचं काय काय बिनसलंय तेही मला ठाऊक आहे, पण ते या ग्रुपवर कशाला सांगू?

गेल्या दिवाळीत भावाकडून खाशाबांवरचं मुलांचं पुस्तक मागवलं. जन्म, घराणं, बालपणापासूनची जिद्द, विशेषणांवर विशेषणं. 'बाबा, कुस्ती कधी?' असं विचारून मुलगा तिसऱ्या पानावर उठला. मग मीच सांगायला बसलो. लंडनपर्यंत मराठीत होतो. मध्येच त्याने इंग्रजीत काहीतरी विचारलं, मी उत्तर दिलं, आणि हेलसिंकीला पोचलो तेव्हा दोघंही इंग्रजीत बोलत होतो. आपण कधी बदललो ते मला कळलंसुद्धा नाही. त्याला फरक पडला नव्हता. त्या सरांचं घर परत मिळालं का, एवढंच त्याला हवं होतं. मिळालं, म्हटलं, खाशाबांनी कुस्त्या भरवून पैसे फेडले. हेही इंग्रजीतच.

ग्रुपवर यातलं काही लिहिणार नाही. सरांच्या हातात आयतं कोलीत कोण देईल?