नोंद नाही म्हणून सामना झालाच नाही, असे होत नाही

नागपुरातील फुटबॉलप्रेमींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर गेले काही आठवडे एक लांबलचक मजकूर फिरतो आहे. त्याचा आशय असा, की नागपूर हे क्रिकेटचे शहर असून येथे फुटबॉल रुजला तो २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाल्यावर. त्याआधीचे खेळाडू अनवाणी खेळत, त्यांना दर्जा नव्हता, आणि याच कारणाने १९५० च्या विश्वचषकात भारताला प्रवेश नाकारला गेला. खालच्या विभागातील क्लबांचे जुने प्रेक्षक ज्या सामन्यांच्या गोष्टी सांगतात त्यांची कुठे नोंद नाही, म्हणून त्या थापा समजाव्यात. आणि अशा क्लबांतून कोणाचे काही भलेही झालेले नाही. उत्तर नागपुरातील अशाच एका क्लबचे सामने मी शाळकरी वयापासून पाहत आलो आहे, आणि गेली तीन वर्षे आम्ही चौघे जण त्या क्लबच्या माजी खेळाडूंची यादी तयार करत आहोत. त्यामुळे या मजकुराला उत्तर देणे मला माझे काम वाटते.

पहिल्या मुद्द्यावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. नागपूरपासून जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटरवर कामठी आहे. तेथे इंग्रजांनी १८२१ मध्ये छावणी वसवली, आणि त्या गावात फुटबॉलचे वेड किती जुने आहे हे रब्बानी मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या कोणत्याही वृद्धाला विचारावे. मोतीबागेत रेल्वेचे मैदान आहे. ज्या रेल्वेच्या नावातच आपले शहर होते त्या बंगाल नागपूर रेल्वेचा संघ कोलकात्याच्या लीगमध्ये खेळत असे. अर्थात त्या संघाचे घर कोलकात्यात होते, म्हणून ते श्रेय मी नागपूरकडे ओढत नाही. इंडियन सुपर लीगमुळे लहान मुलांच्या अंगावर रंगीत जर्सी आल्या हे मान्य आहे, परंतु त्यांच्या आजोबांनी ज्या मुरमाड मैदानावर गुडघे सोलून घेतले ते मैदान त्या लीगने तयार केलेले नाही.

अनवाणी खेळाडूंचा मुद्दा मात्र नीट तपासला पाहिजे, कारण तो देशभर इतक्या वेळा सांगितला गेला आहे की चांगले जाणते लोकही तो खरा मानतात. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणी उतरले आणि फ्रान्सविरुद्ध दोन पेनल्टी वाया घालवूनही अवघ्या १-२ अशा फरकाने हरले. भारताचा गोल सारंगपाणी रामन यांचा होता. १९५० च्या विश्वचषकासाठी आशियातील इतर संघांनी माघार घेतल्यामुळे भारताला पात्रता मिळाली होती, आणि प्रवासखर्चाचा मोठा वाटा उचलण्याची तयारी ब्राझीलच्या संयोजकांनी दाखवली होती. तरीही संघ गेला नाही, आणि न जाण्याचा निर्णय आपल्याच फुटबॉल महासंघाचा होता. संघनिवडीवरील मतभेद आणि सरावाला अपुरा वेळ ही कारणे त्याने दिली. त्या काळी आपल्याकडे विश्वचषकापेक्षा ऑलिंपिकला अधिक मान होता, हेही त्यामागे होते. बूट सक्तीचे झाले ते १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाकडून १-१० असा पराभव झाल्यानंतर, आणि मधल्या काळात, १९५१ मध्ये, दिल्लीच्या पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धेत साहू मेवालाल यांच्या गोलवर इराणला १-० असे हरवून भारताने सुवर्णपदक मिळवले होते. अनवाणी म्हणजे दर्जाहीन असे म्हणणाऱ्याने या सुवर्णपदकाचे काय करायचे ते सांगावे. आमच्या क्लबच्या पहिल्या पिढीतील खेळाडूही घोट्याला पट्टी गुंडाळून अनवाणी खेळत. त्यांच्याकडे बूट नव्हते याचे कारण घरची परिस्थिती होते आणि त्यावरून त्यांच्या खेळाविषयी काहीही सिद्ध होत नाही.

आता ज्या मुद्द्यामुळे मी हे लिहायला बसलो त्याकडे येतो. नोंद नाही म्हणून आठवण खोटी, असे हा मजकूर म्हणतो. आमच्या क्लबकडे एक नोंदवही आहे. दोनशे पानी, निळ्या कापडी पाठीची. वाळवीने तिचा खालचा कोपरा असा खाल्ला आहे की प्रत्येक पानावरचे शेवटचे दोन-तीन खेळाडू नाहीसे झाले आहेत. तिच्यात एका सामन्यात दोन गोल एका खेळाडूच्या नावापुढे दोन उभ्या रेघा ओढून मांडले आहेत. तो सामना पाहिलेल्या तीन गृहस्थांना आम्ही वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या घरी जाऊन भेटलो. तिघांनीही सांगितले की त्या दिवशी तो खेळाडू तापाने घरी पडून होता आणि त्याच्या नावावर त्याचा धाकटा भाऊ खेळला. दुसरा गोल कडुनिंबाच्या बाजूच्या कॉर्नरवरून हेडने झाला आणि मावळतीचे ऊन डोळ्यांवर आल्यामुळे समोरच्या गोलकीपरला चेंडू दिसलाच नाही, हेही तिघांच्या बोलण्यात आले. शेवटी त्या धाकट्या भावाला विचारले, तेव्हा त्यांनी खाली मान घालून होकार दिला. दुसऱ्याच्या नावावर खेळणे चुकीचे होते आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. पण येथे खोटे बोलत होती ती नोंदवही, आणि खरे बोलत होते ते प्रेक्षक.

याउलटही घडले आहे आणि ते लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. हाच सामना आपण जिंकलो असे त्या तिघांपैकी दोघांना पक्के आठवत होते, तर वहीप्रमाणे तो २-२ असा बरोबरीत सुटला होता, आणि प्रतिस्पर्धी क्लबच्या एका जुन्या बचावपटूनेही बरोबरीच सांगितली. आम्ही यादीत २-२ लिहिले. आठवण एका तपशिलात चुकली म्हणून ती सगळीच टाकून द्यायची, असा नियम लावला तर जगातील कोणत्याही लहान क्लबचा इतिहास उरणार नाही. इंग्लंडमधील हेरफर्ड युनायटेडचे उदाहरण घ्या. ५ फेब्रुवारी १९७२ रोजी चिखलाने भरलेल्या एडगर स्ट्रीट मैदानावर सदर्न लीग या खालच्या दर्जाच्या लीगमधील या संघाने एफए कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेत पहिल्या, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च विभागातील न्यूकॅसलला २-१ असे हरवले. रॉनी रॅडफर्ड यांनी दुरून मारलेला त्या सामन्यातील गोल आजही दाखवला जातो, आणि तोच विजयी गोल होता असे अनेकांना वाटते. वास्तविक त्या गोलने फक्त बरोबरी झाली होती. विजयी गोल जादा वेळेत रिकी जॉर्ज यांनी केला. तेथे तर सामन्याचे चित्रीकरण उपलब्ध आहे, तरीही आठवण चुकते, आणि म्हणून रॅडफर्ड यांचा गोल खोटा होता असे कोणी म्हणत नाही. मग आमच्या कडुनिंबाखालच्या माणसांनाच वेगळा न्याय कशासाठी?

आणखी एक गोष्ट, जी वही हाताळल्याशिवाय लक्षात येत नाही. वहीत नावे आहेत ती शाळेच्या दाखल्यावरची, आणि मैदानावर त्या नावांनी कोणालाही हाक मारली जात नसे. काळ्या, मास्तर, छोटू, इंजिन अशाच नावांनी हे खेळाडू वस्तीला ठाऊक होते. वहीतील कोणते नाव म्हणजे इंजिन, हे सांगू शकणारी माणसे आता मोजकी राहिली आहेत. त्यांना थापाडे ठरवले तर हाती असलेली नोंदसुद्धा आपल्याला वाचता येणार नाही.

कोणाचे भले झाले नाही, हा शेवटचा मुद्दा तर नागपूरची माहिती नसल्याचेच लक्षण आहे. हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी पावसात फुटकी बादली लाथाडत खेळणारी झोपडपट्टीतील मुले पाहिली आणि २००१ मध्ये याच शहरात स्लम सॉकरचे काम सुरू केले. २०१६ मध्ये त्या संस्थेला फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला. आमच्या क्लबला असा कोणताही पुरस्कार नाही. परंतु आमच्या यादीतील दोघांना खेळाच्या कोट्यातून सरकारी नोकरी लागली, एक जण आज शाळेत मुलांना खेळ शिकवतो, आणि ज्यांना यांपैकी काहीच मिळाले नाही तेही रविवारी सकाळी मैदानावर येऊन चुन्याच्या रेषा आखू लागतात. त्यांनी खेळून काय मिळवले याचा हिशेब पगाराच्या आकड्यात मांडावा, असे मला वाटत नाही.

मजकूर लिहिणाऱ्याशी माझे वैर नाही. ते नागपूरचेच असतील तर त्यांनी आमच्याकडे यावे. क्लबच्या एका जुन्या छायाचित्रात मागे सहा आणि पुढे पाच असे अकरा जण आहेत, त्यांपैकी नऊ जणांची ओळख पटली आहे. मागच्या रांगेतील डावीकडून दुसरा, ज्याच्या एकाच पायात मोजा आहे, आणि पुढच्या रांगेत चेंडूवर हात ठेवून बसलेला, हे दोघे राहिले आहेत. ज्यांच्या घरातील मोठी माणसे त्या काळी मैदानावर येत असत, त्यांनी ते छायाचित्र एकदा त्यांना दाखवावे.