ट्रोल दोन राउंडांत मेला, म्हणून सीआर खोटा ठरत नाही

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून, पात्रं रंगवत आणि फासे टाकत खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीबद्दल एक मत खेळणाऱ्यांमध्ये हातोहात फिरतंय. सीआर, म्हणजे राक्षस किती जड जाईल हे सांगणारा, त्याच्या माहितीत छापलेला चॅलेंज रेटिंगचा आकडा, शुद्ध थाप आहे असं ते मत. पुरावे ठरलेले. पाचव्या लेव्हलची पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांची टोळी, सीआर ५ चा ट्रोल दोन राउंडांत लोळवते. डीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, पुस्तकातलं सीआर काढायचं सूत्र पुस्तकातल्याच राक्षसांना लावलं तर उत्तर जुळत नाही. सीआर २ चा इंटलेक्ट डिव्हाउअरर अख्खी पार्टी संपवू शकतो. २०२४ च्या नव्या पुस्तकातून तर सूत्रच काढून टाकलंय. तेव्हा आकडे विसरा, अंदाजाने राक्षस मांडा आणि पार्टीला जड जायला लागलं की पडद्यामागे राक्षसाचे एचपी, म्हणजे त्याचा जीव मोजणारे गुण, कमी करा.

यातले बरेच तपशील खरे आहेत. निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे, आणि तो नव्या डीएमच्या गळी उतरवला जातो याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्याची किंमत पहिल्यांदाच खेळायला बसलेली माणसं मोजतात.

आधी ट्रोल. २०१४ च्या मॉन्स्टर मॅन्युअल या राक्षसांच्या पुस्तकात सीआरचा अर्थ एका वाक्यात दिलाय: नीट शस्त्रसज्ज, विश्रांती घेतलेल्या चार जणांच्या पार्टीला आपल्या लेव्हलइतक्या सीआरचा राक्षस कुणीही न मरता हरवता यायला हवा. ‘बरोबरीची झुंज’ असं कुठेही म्हटलेलं नाही. आता एक्सपीचा, म्हणजे राक्षस हरवल्यावर मिळणाऱ्या अनुभवगुणांचा, हिशेब करा. ट्रोलचे एक्सपी १,८००. पाचव्या लेव्हलच्या चौघांसाठी मध्यम एनकाउंटर, म्हणजे मध्यम लढाई, प्रत्येकी ५०० ने, म्हणजे २,००० पासून सुरू होतो. ट्रोल त्याच्याही खाली आहे, ‘सोपा’ या खणात. शिवाय त्या पार्टीला एका दिवसात झेपेल असं बजेट डीएमच्या पुस्तकात प्रत्येकी ३,५०० दिलंय, चौघांचं १४,०००. ट्रोल म्हणजे दिवसाच्या कामाचा जेमतेम आठवा हिस्सा. आपल्याकडे बहुतेक टेबलांवर दिवसाला एकच लढाई होते, विझार्ड हातचा प्रत्येक स्पेल त्या एकाच ट्रोलवर रिकामा करतो, आणि मग तक्रार येते की तो लवकर मेला. आठव्या हिश्श्याचं काम दोन राउंडांत उरकलं, तर आकडा खरा निघाला म्हणायचं.

सूत्राचा आक्षेप जास्त वजनाचा आहे, म्हणून तो उदाहरणानेच सोडवू. ओगर घ्या. एचपी ५९, एसी (फटका लागायला हल्लेखोराने गाठायचा आकडा) ११, हल्ल्याच्या फाशात +६, सोट्याचा एक फटका सरासरी १३. २०१४ च्या तक्त्यात ५९ एचपी सीआर १/२ च्या ओळीत येतात. त्या ओळीला अपेक्षित एसी १३, ओगरचा दोनने कमी, म्हणून एक पायरी खाली: बचावाचा सीआर १/४. दर राउंडला १३ डॅमेज म्हणजे सीआर १ ची ओळ. तिथे हल्ल्याला +३ अपेक्षित, ओगरचा तीनने जास्त, म्हणून एक पायरी वर: हल्ल्याचा सीआर २. दोन्हींची सरासरी काढा, उत्तर साधारण १ येतं. पुस्तकात छापलंय २.

म्हणजे पुस्तक चुकलं? ओगरला पहिल्या लेव्हलच्या टेबलावर आणून बघा. पहिल्या लेव्हलच्या विझार्डचे एचपी समजा ७. नियम असा की फटक्याने एचपी शून्यावर आल्यावर उरलेला डॅमेज त्याच्या कमाल एचपीइतका किंवा जास्त असेल तर तो जागच्या जागी मरतो, डेथ सेव्हची, म्हणजे जीव वाचवायला फासा टाकायची, संधीच नाही. म्हणजे १४ डॅमेज पुरे. ओगर आठ बाजूंचे दोन फासे टाकतो आणि ४ मिळवतो, तेव्हा फाशांवर १० किंवा जास्त यायला हवेत. ६४ पैकी २८ वेळा येतात. नेम लागला की जवळपास ४४ टक्के वेळा विझार्डचा खेळ तिथेच संपतो. सरासरीच्या सूत्राला हे दिसत नाही, कारण ते बचावातला कमकुवतपणा आणि हल्ल्यातला जोर एकत्र कालवून टाकतं. छापलेल्या २ मध्ये मात्र ती धोक्याची सूचना आहे. पार्टीच्या लेव्हलपेक्षा जास्त सीआरचा राक्षस जपून वापरा, हे सांगताना डीएमच्या पुस्तकात याच ओगरचं आणि पहिल्या लेव्हलच्या विझार्डचं उदाहरण दिलंय. त्याच पुस्तकात असंही स्पष्ट लिहिलंय की राक्षस बनवणं म्हणजे नुसती आकडेमोड नव्हे, तो खेळवून बघा आणि अनुभवावरून सीआर वरखाली करा. सूत्र ही सुरुवातीची जागा आहे. त्याच्याकडून दशांशापर्यंत अचूकता मागणाऱ्यांनी ती पानं शेवटपर्यंत वाचलेली नसावीत.

इंटलेक्ट डिव्हाउअररबद्दल मात्र मी भांडणार नाही. २०१४ च्या पुस्तकातला हा प्राणी खरंच भयंकर आहे. एचपी फक्त २१. इंटेलिजन्स ८ असलेला फायटर त्याच्यासमोर उभा करा. १२ च्या सेव्हला, म्हणजे वाचण्यासाठी वीस बाजूंच्या फाशावर १२ गाठताना, त्याला वजा १, म्हणजे ६० टक्के वेळा तो चुकतो. मग डीएम तीन फासे टाकतो, बेरीज ८ किंवा जास्त आली की फायटरची इंटेलिजन्स शून्य आणि तो सुन्न. २१६ पैकी १८१ वेळा तशी बेरीज येते. गुणाकार करा: दर राउंडला निम्म्याहून किंचित जास्त शक्यता. नंतर तो प्राणी त्याच्या डोक्यात शिरून शरीरच ताब्यात घेऊ शकतो. गेलेली इंटेलिजन्स परत आणणारा ग्रेटर रिस्टोरेशन हा स्पेल क्लेरिकला, म्हणजे पुजारी पात्राला, नवव्या लेव्हलला मिळतो, आणि हा प्राणी छापलाय सीआर २ चा. शॅडोचंही तसंच. सीआर १/२, पण प्रत्येक फटक्याला स्ट्रेंग्थ कमी करतो आणि ती शून्य झाली की माणूस मेला. एचपी, एसी आणि डॅमेज यांवर उभ्या असलेल्या आकड्यात अशी वेगळ्याच वाटेने येणारी मरणं मावत नाहीत. म्हणून सीआर बघितल्यावर राक्षसाची पूर्ण माहिती वाचावीच लागते. पण असे प्राणी पुस्तकात थोडे आहेत आणि वाचले की ओळखू येतात. त्यांच्यामुळे उरलेल्या शेकडो राक्षसांचे आकडे खोटे ठरत नाहीत.

२०२४ चं म्हणाल, तर तपशीलवार सूत्र गेलं हे खरं, आणि मला ते आवडलेलं नाही. घरी राक्षस बनवणाऱ्यांचा त्यात तोटा झालाय. राक्षसांची संख्या वाढली की एक्सपीला गुणायची पद्धतही गेली. पण सीआर जागेवरच आहे आणि एक्सपीचं बजेटही. पाचव्या लेव्हलला प्रत्येकी ५००, ७५० आणि ११००, हे २०१४ मधले मध्यम, अवघड आणि जीवघेण्या एनकाउंटरचे आकडे. नव्या पुस्तकात तेच तीन आकडे नाव बदलून आलेत. ज्यांनी आकडा टाकून दिला असं सांगितलं जातं, त्यांनी तो जपून ठेवलाय.

राहिला अंदाज. दहा वर्षं डीएम असलेल्या माणसाचा अंदाज बरोबर येतो, कारण हे सगळे आकडे त्याच्या डोक्यात मुरलेले असतात. नव्या माणसाकडे ती पुंजी नसते. मी सुरुवातीला अंदाजानेच पहिल्या लेव्हलच्या चौघांसमोर आठ गॉब्लिन सोडले होते. एकेक गॉब्लिन सात एचपीचा, त्यात काय, असं वाटलं होतं. हिशेब केला असता तर दिसलं असतं: आठ पन्नासे ४००, तिथेच जीवघेणी मर्यादा गाठली, वर आठ जणांचा अडीचचा गुणक लावला की १,०००. दुसऱ्या राउंडअखेर तिघं जमिनीवर होते. मग मी पडद्यामागे एचपी कमी करत गेलो. क्लेरिक खेळणाऱ्या मुलीच्या ते लक्षात आलं. तिने शेवटचा स्पेल कुणावर वापरायचा याचा पाच मिनिटं विचार केला होता, आणि त्या विचाराला मी काही अर्थच ठेवला नव्हता.

पहिल्या लेव्हलच्या पार्टीसमोर ओगर आणायचाच असेल तर जरूर आणा. त्याला दाराशी झोपलेला दाखवा, सोटा हाताच्या अंतरावर ठेवा, आणि विझार्डला कळू द्या की तो जागा झाला तर काय होईल.