हलकं काहीतरी

चैत्र लागला की आमच्या जळगावात ऊन हा एकच विषय उरतो. पारा चाळिशीच्या पुढे सरकला होता, आणि बायको म्हणाली, "अहो, रात्री हलकंसं काहीतरी करू या." मी आदल्याच आठवड्यात मोबाइलवर फळांचं आणि कच्च्या भाज्यांचं सॅलड बघितलेलं. "मी करतो," म्हणून बसलो. ती इतक्या चटकन 'बरं' म्हणाली, तेव्हाच शंका यायला हवी होती.

कृतीत पहिलंच लिहिलं होतं: एक केळं. लिहिणारा रावेर-यावलकडचा नसणार. आमच्याकडे केळं 'एक' नसतंच. मळेवाल्या मित्राला एखादी फणी मागितली, तर तो मोटारसायकलवर अख्खा घड बांधून आला. वीसेक किलो सहज असेल. वर "पुरेल ना?" असंही विचारून गेला.

पुढे पिकलेला आंबा. मी पिशवी उचलली तशी मायने अडवलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांना आमरसाचा नैवेद्य दाखवल्याशिवाय आमच्या घरात आंबा तोंडाला लागत नाही. सॅलडसाठी पितरांना ताटकळत ठेवण्याइतका मी आधुनिक नाही. शहाद्याकडची पपई घेतली, टरबूज घेतलं. काकडी, गाजर, कोबी, कांदा घरात होतेच.

चार वाजता सगळं चिरून मोकळा झालो. मीठ घातलं, लिंबू पिळलं, पातेलं झाकून फ्रिजमध्ये ठेवलं आणि झोपलो.

आठला झाकण काढलं. आत तापी वाहत होती. मीठ भाजीतलं पाणी बाहेर ओढतं, हे शाळेत बटाट्याच्या प्रयोगात शिकलो होतो. मार्कही मिळाले होते. पण ते बटाट्याचं ज्ञान काकडीला लागू पडेल, असं कुणी बोललं नव्हतं. केळ्याच्या चकत्या काळ्या पडलेल्या. लिंबू केळ्याला चोळायचं असतं, मी ते सगळं कोबीवर पिळलं होतं. खरं तर केळं आयत्या वेळीच चिरायचं. टरबुजाला कांद्याचा वास, आणि पपई? पपई कुठेच दिसेना.

"हाई काय शे रे?" माय.

"सॅलड."

"ढोरले टाक."

टाकू दिलं मात्र तिनेच नाही. पाणी निथळलं, टरबूज आणि केळी वेगळी काढून खरंच गोठ्यात पाठवली, आणि "जरासा कूट टाकू?" म्हणाली. तो जरासा वाटीभर होता. मग दही. मग हिरवी मिरची ठेचून तेलाची फोडणी, आणि तेलाचा हात आमच्याकडे कधी आखडत नाही. ठसक्याने शेजारचं पोर रडायला लागलं. बायको पंख्याखाली बसून शांतपणे कळण्याच्या भाकरी मोजत होती. सॅलडबरोबर सहा.

2016 साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं, भरताच्या वांग्यालाही मिळालं. आमच्या पातेल्यातल्या पदार्थाला साधं नावही धड उरलं नव्हतं.

आप्पा उशिरा आले. त्यांनी भाकर कुस्करली, वर ते सगळं ओतलं, कांदा बुक्कीने फोडला आणि दोनदा मागून घेतलं. शेवटी बोटं चाटून माझ्याकडे बघितलं.

"कोशिंबीर चांगली झायी. तुन्हं सॅलड कोठे शे?"