‘स्वच्छ बाग, निरोगी बाग’ : द्राक्षबागेच्या मातीविषयीच्या संदेशाला उत्तर

खरडछाटणी (उन्हाळ्याच्या सुरुवातीची छाटणी) झाल्यापासून आमच्या भागातील द्राक्ष बागायतदारांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश सतत फिरत आहे. त्यातील विधाने थोडक्यात अशी आहेत. बागेत गवताचे एक पातेही राहू देऊ नये, कारण ते वेलीचे खत आणि पाणी खाते. ठिबकमधून सर्व अन्नद्रव्ये देता येत असल्यामुळे माती आता केवळ मुळांना आधार देण्यापुरती उरली आहे. बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुन्याचे असल्यामुळे ते कितीही फवारले तरी जमिनीला अपाय होत नाही. छाटणीच्या काड्या बांधावर जाळल्या की रोग संपतो. खानदेशात केळी आणि कापसाच्या मानाने द्राक्षाचे क्षेत्र थोडे आहे आणि नव्याने बाग लावणारा शेतकरी अशाच संदेशांवर विसंबतो, म्हणून साक्री तालुक्यात स्वतः बाग करणारा शेतकरी या नात्याने मी हे उत्तर लिहीत आहे.

गवताच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे आणि ते आधी मान्य केले पाहिजे. बोदावर (वेलींच्या ओळीखालील मातीच्या उंच पट्ट्यावर), वेलीच्या बुंध्यालगत वाढलेले तण खरोखरच स्पर्धा करते. नवीन लागवडीत तर ते काढलेच पाहिजे. परंतु दोन ओळींमध्ये ९ फूट अंतर आणि बोद ३ फूट रुंद असेल, तर बागेची दोन तृतीयांश जमीन बोदाच्या बाहेर असते, आणि संदेश तीही वर्षभर उघडी ठेवायला सांगतो. आपल्याकडचा बहुतेक सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, तोही मोजक्या जोरदार सरींनी पडतो. उघड्या काळ्या जमिनीवर थेंब आदळले की मातीचे कण सुटे होतात, वर पापुद्रा धरतो, पाणी आत मुरण्याऐवजी नाल्याकडे धावते आणि जाताना सर्वांत बारीक, सर्वांत सुपीक माती घेऊन जाते. पुढे एप्रिल-मेमध्ये हीच जमीन तापून भेगाळते आणि उरलेला ओलावा त्या भेगांमधून उडून जातो. याउलट पावसाळ्यात ओळींमधील पट्ट्यात ताग किंवा धैंचा हे हिरवळीचे खत पेरले, तर त्या काळात पाण्याची स्पर्धा सर्वांत कमी असते, मुळांवरील गाठी हवेतील नत्र जमिनीत आणतात, आणि फुलोऱ्याच्या सुमारास कापून बोदावर पसरले की ऑक्टोबरच्या फळछाटणीपर्यंत (फळांसाठीच्या दुसऱ्या छाटणीपर्यंत) पट्टा पुन्हा मोकळा होतो. उन्हाळ्यात जमीन झाकण्याचे काम उसाच्या पाचटाने होते. रावेर-यावलसारख्या केळीच्या पट्ट्यात केळीची वाळलेली पानेही चालतात.

गवत मारण्यासाठी दर पंधरा दिवसांनी रोटाव्हेटर फिरवणाऱ्यांविषयीही येथे सांगितले पाहिजे. त्यामुळे वरची माती पीठ होते आणि पात्याच्या खोलीवर कठीण थर तयार होतो. शिवाय ओल्या जमिनीत त्याच चाकोरीतून ब्लोअरचा (फवारणी यंत्राचा) ट्रॅक्टर पुन्हा पुन्हा गेला की पांढरी मुळे त्या चाकोरीकडे वळतही नाहीत. हे माझ्या बागेत खड्डा खणून मी पाहिले आहे.

माती केवळ आधार आहे, हे या संदेशातील सर्वांत घातक विधान आहे. ठिबकने दिलेले खत मुळांपर्यंत थेट जात नाही. ते आधी मातीच्या द्रावणात मिसळते आणि तेथे चिकणमाती, चुनखडी व सूक्ष्मजीव त्याचे काय करतात यावर वेलीला किती मिळणार हे ठरते. आपल्या बहुतेक काळ्या जमिनी चुनखडीयुक्त आहेत आणि त्यांचा सामू (आम्ल-अल्कतेचा आकडा, म्हणजे पीएच) साधारणपणे ८ च्या आसपास असतो. अशा जमिनीत स्फुरद (फॉस्फरस) चुन्याशी बांधला जातो. लोह भरपूर असूनही वेलीला उचलता येत नाही, आणि शेंड्याची पाने पिवळी पडली की आपण आणखी खत सोडतो. बोअरचे पाणी क्षारयुक्त असेल तर क्षार ठिबकच्या ओल्या गोलाच्या कडेला साचतात आणि अवकाळी सरीने पुन्हा मुळांशी येतात. सोडियम वाढत गेला तर जमीन चोपण होते आणि तिच्यातून पाण्याचा निचरा होत नाही. या सगळ्याला सावरून धरणारी गोष्ट म्हणजे सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांतील कार्बन), आणि तो टाकीत विरघळवून देता येत नाही. एका एकराचा वरचा १५ सेंटिमीटरचा थर सुमारे ९ लाख किलो वजनाचा असतो, कर्ब ०.४ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर न्यायचा तर ९०० किलो कर्ब मातीत टिकून राहावा लागतो, आणि टाकलेल्या शेणखतातील बराचसा भाग कुजताना वायुरूपाने निघून जातो. म्हणून हे काम एका ट्रॉलीचे नसून अनेक वर्षांचे आहे. मृद आरोग्य पत्रिकेत सामू, क्षारता आणि कर्ब यांची नोंद असते. फक्त नमुना बोदावरचा आणि ओळींमधला असा वेगवेगळा घ्यावा, कारण दोन्हींची स्थिती सारखी नसते.

बोर्डो मिश्रणाने केवडा (डाऊनी मिल्ड्यू) या रोगापासून द्राक्षे वाचवली, हे १८८५ मध्ये फ्रान्समध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांनी दाखवून दिले आणि त्याचे महत्त्व आजही कमी झालेले नाही. पण मोरचुदात सुमारे २५ टक्के तांबे असते आणि तांबे हे मूलद्रव्य असल्यामुळे ते कुजत नाही, उडून जात नाही. एक टक्का तीव्रतेचे ४०० लिटर मिश्रण एकरावर फवारले, तर ४ किलो मोरचूद, म्हणजे सुमारे १ किलो तांबे बागेत आले. पाऊस आणि पानगळ यांमुळे त्यातील मोठा भाग अखेर मातीच्या वरच्या थरात येतो, जेथे गांडुळे राहतात. युरोपीय संघाने २०१९ पासून ७ वर्षांत हेक्टरी २८ किलो, म्हणजे सरासरीने वर्षाला एकरी सुमारे १.६ किलो तांब्याची मर्यादा घातली आहे; वरच्या हिशेबाने दोन फवारण्यांतच ती ओलांडली जाते. आपल्या चुनखडीच्या जमिनीत तांबे आम्ल जमिनीइतके सहज विरघळत नाही, हा दिलासा खरा आहे. परंतु साठा वाढतच राहतो. फवारणी बंद करा असे माझे म्हणणे नाही. ती रोगाचे हवामान पाहून करावी आणि वर्षाचा तांब्याचा हिशेब वहीत लिहावा.

काड्यांबाबत एवढेच सांगणे पुरे आहे की करप्याचे (बुरशीजन्य रोगाचे) डाग असलेले आणि वाळलेले ओलांडे (वेलीच्या आडव्या मुख्य फांद्या) बागेबाहेर काढणे योग्यच आहे, पण त्यांच्यासोबत निरोगी काड्याही पेटवल्या की त्यांतील नत्र आणि गंधक धुरात जातात, आणि उरलेली राख अल्कधर्मी असल्यामुळे ८ सामूच्या जमिनीला तिची गरज नसते. निरोगी काड्यांचे यंत्राने तुकडे करून ते बोदावर पसरावेत. काडीत कर्बाच्या मानाने नत्र फार कमी असते, त्यामुळे ती कुजवताना सूक्ष्मजीव सुरुवातीला मातीतील नत्र ओढून घेतात. म्हणून तुकडे मातीत न गाडता वरच राहू द्यावेत आणि त्यांच्यावर शेणखताचा पातळ थर द्यावा.