शेवट आधी कळला तर?

सिनेमाचा शेवट आधीच सांगण्यावरच्या एका लेखात २०११ च्या अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या प्रयोगाचा दाखला देऊन म्हटलंय की शेवट आधी कळला तर गोष्ट उलट जास्त आवडते. असेल बुवा! पण त्या प्रयोगात लघुकथा होत्या, तीन तासांचा सिनेमा नव्हे. कीर्तनातलं रामायणही वेगळं, तिथे शेवट कुणी लपवलेलाच नसतो. २०१६ साली ‘सैराट’च्या मध्यंतरात, वड्याच्या रांगेत माझ्या मागचा एकजण फोनवर कुणाला तरी अख्खा शेवट सांगत होता. त्यानंतर आर्ची-परश्याच्या संसारातला एकही हसरा प्रसंग मला धड बघता आला नाही, नजर सारखी दाराकडे. बायकोला काहीच माहीत नव्हतं. शेवटी पडद्यावर ती लहानगी पावलं दिसली तेव्हा ती हबकून गेली. मी मात्र चपला शोधत होतो.