मान टाकणारा बेस

बेस गिटार निवडताना आधी वजन पाहावे, असे मला कोणीतरी सांगितले होते. कोणी, ते आता आठवत नाही, कारण आपल्याला आधीच पटलेली गोष्ट जो सांगतो त्याचे नाव आपण सहसा लक्षात ठेवत नाही. माझा जुना बेस ४ किलो ७०० ग्रॅम भरत असे. हा आकडा मी वजनकाट्यावर एकदा बेस घेऊन आणि एकदा बेसशिवाय उभा राहून वजाबाकीने काढला होता. त्या वजाबाकीत माझ्या स्वतःविषयी जी माहिती हाती आली, ती या लेखाच्या विषयात बसत नाही. साधारण बेस साडेतीन ते साडेचार किलोंचा असतो, तेव्हा माझा बेस अंगाने भरलेलाच म्हणायचा. दोन तास उभ्याने वाजवले की डाव्या खांद्यावर पट्ट्याचा वळ उठत असे आणि पुढचे दोन दिवस मी, कोणी विचारो वा न विचारो, खांद्याविषयी बोलत असे.

म्हणून मी खांदेपालट करायचे ठरवले आणि ३ किलो १०० ग्रॅमचा एक देखणा बेस घेतला. लहानशी बॉडी आणि वरचे शिंग, म्हणजे पट्टा अडकवायचे बॉडीचे टोक, अगदी आखूड, जणू नुकतेच फुटू लागलेले. दुकानात मी तो रीतसर तपासला, म्हणजे स्टुलावर बसलो, बेस मांडीवर ठेवला, दोन्ही हातांनी धरला आणि अर्धा तास वाजवला. मांडी हा जगातला सर्वांत सोशिक आधार आहे आणि तिच्यावर ठेवलेला कोणताही बेस गुणीच वाटतो, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही.

घरी आल्यावर पट्टा लावला, उभा राहिलो आणि पान उलटण्यासाठी डावा हात सोडला. बेसने मान टाकली. हळूहळू, काही बोलायचे राहून गेल्यासारखी, ती मान जमिनीच्या दिशेने झुकत गेली आणि शेवटी खुंट्यांचा माथा माझ्या गुडघ्याशी येऊन थांबला. इंग्रजीत या प्रकाराला ‘नेक डाइव्ह’ म्हणतात, म्हणजे मान सूर मारते. मला आपला वाक्प्रचार अधिक अचूक वाटतो, कारण सूर मारण्यात उत्साह असतो आणि माझ्या बेसमध्ये तो अजिबात नव्हता.

मग मी हिशेब मांडला. १९५१ साली आलेल्या फेंडर कंपनीच्या ‘प्रिसिजन’ या बेसपासून बेसच्या तारेची लांबी बहुधा ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६ सेंटिमीटर धरली जाते. एवढ्या लांबीसाठी मेपलसारख्या कठीण लाकडाची मान लागते, तिच्या पोटात पोलादी सळई असते आणि टोकाला चार जाड खुंट्या असतात. वजन घटवायचे तर ते बॉडीतूनच घटवणे सोपे, म्हणून लाकूड हलके घेतात, आतून पोकळ करतात, आकार लहान करतात. मान मात्र होती तेवढीच राहते. तराजूच्या एका पारड्यातले काढून घेतले की दुसरे खाली जाणारच. माझ्या हलक्या बेसचा हलकेपणा सगळा चुकीच्या बाजूला होता. त्यातच पट्ट्याचे बटण. वरचे शिंग लांब असले आणि हे बटण बाराव्या फ्रेटच्या, म्हणजे मानेवरच्या बाराव्या आडव्या पट्टीच्या, समोर आले, तर दोन्ही बाजू बऱ्यापैकी सारख्या होतात. माझे ते नुकतेच फुटू लागलेले शिंग जेमतेम सोळाव्या फ्रेटपर्यंत पोचत होते.

परिणामी माझ्या डाव्या हाताला दोन नोकऱ्या लागल्या: बोटांनी तारा दाबायच्या आणि तळव्याने हमाली करायची. आठवडाभरात खांदा बरा झाला आणि मनगट दुखू लागले. त्याच सुमारास एका अतिशय संथ गाण्याच्या सरावात मी घाम पुसायला हात वर नेला आणि बेसने मान टाकता टाकता शेजारच्या सिंबलवर माथा आपटला. ड्रमरने शांतपणे विचारले, “अरे, हे आपण ठरवलं होतं का?” गायिकेला मात्र ते आवडले होते आणि पुढच्या वेळीही तसेच करा, असा तिचा आग्रह होता.

उपाय मी क्रमाने केले. पहिल्यांदा आतून खरबरीत कातड्याचा रुंद पट्टा आणला. त्याने घर्षण वाढते, तोल बदलत नाही. पट्टा सरकेना, म्हणून आता बेस माझा सदराच सोबत घेऊन खाली जाऊ लागला आणि गाणे संपेपर्यंत माझी कॉलर कानाला टेकलेली असे. मग शेपटीकडच्या बटणाला शिशाची लहान पिशवी बांधली. तोल साधला, पण तीनशे ग्रॅमचा पासंग कायमचा खांद्यावर आला, आणि हलका बेस घेऊन तो जड करत बसलेला माणूस आरशात मला पाहवेना. मधेच, डोके नसलेला बेस घेण्याचाही मोह झाला. वाद्यांचे रचनाकार नेड स्टाइनबर्गर यांनी १९८० च्या सुमारास हा प्रश्न मुळातूनच सोडवला: मान झुकते ना, मग डोकेच उडवा आणि तारा शेपटीकडून जुळवा. तर्क बिनतोड आहे. पण मला एकदा घेतलेल्या वस्तूशी भांडतच संसार करायची सवय आहे.

शेवटी खुंट्या बदलल्या. जुन्या प्रत्येकी शंभर ग्रॅमच्या होत्या, नव्या साठ ग्रॅमच्या. चारांत मिळून १६० ग्रॅम गेले, पण ते शिंगावरच्या बटणापासून ६० सेंटिमीटरांहून अधिक अंतरावरून गेले, आणि शेपटी त्याच बटणापासून जेमतेम ४० सेंटिमीटरांवर आहे. म्हणजे ढोबळ मानाने मी शेपटीला पाव किलो बांधल्याचा परिणाम मिळवला आणि खांद्यावरचे ओझे उलट कमीच झाले. हे गणित मी घरातल्या प्रत्येकाला स्वतंत्रपणे समजावून सांगितले आहे.

त्यानंतरच्या सरावात मी मुद्दाम मधोमध उभा राहिलो, सगळ्यांचे लक्ष आहे याची खात्री करून घेतली आणि दोन्ही हात सोडले. मान किंचित खाली आली, तिने क्षणभर विचार केला आणि ती तिथेच थांबली. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. ड्रमरनेही वाजवल्या, आणि मग उठून त्याने सिंबल वीतभर पलीकडे सरकवली.