‘डोंगर हिरवा का नाही, दगड सुटे का?’ १ स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार दादा,

रिव्ह्यू वाचला तुमचा. साताऱ्याच्या वेढ्याचा टेबलावर खेळायचा गेम, २८ मिमी उंचीच्या माणसांचा सेट, माझ्याकडनं घेतलात आणि लिहिलंय की डोंगर वाळका तपकिरी निघाला, बुरुजाची भिंत चिकटवलेलीच नव्हती, खोक्यात दगड सुटे पडले होते, अख्खा किल्ला नाही, थर्माकोल वापरलंय, मावळे रंगीबेरंगी, एक भाला वाकडा, माल उशिरा आला आणि एवढ्या पैशात दिवाळीच्या किल्ल्यावरची मातीची चित्रं ढिगानं आली असती. दुसरी लोकंपण हे वाचणार, म्हणून इथंच लिहितो, जरा लांबेल.

आधी डोंगराचं. सह्याद्री हिरवागार असतो म्हणताय, असतोच की, जून ते ऑक्टोबर. पण औरंगजेबाचा वेढा पडला डिसेंबर १६९९ मधे आणि किल्ला त्याच्या हातात गेला एप्रिल १७०० मधे, म्हणजे सगळी लढाई थंडी-उन्हाळ्यातली. एप्रिलात कधी साताऱ्यात पोवई नाक्यावर उभं राहून अजिंक्यताऱ्याकडं, म्हणजे ह्याच किल्ल्याकडं बघा, गवत वाळून पिवळं पडलेलं असतंय, मधनं काळ्या कातळाचे पट्टे आणि एखाद्या ठिकाणी वणवा लागून गेलेला काळा डाग. तेच केलंय. गवत म्हणजे नारळाचा काथ्या बारीक कापून, माती इथलीच खरी, वस्त्रगाळ करून तव्यावर भाजलेली, ओल राहिली तर नंतर बुरशी धरते म्हणून. तयार हिरव्या गवताची पाकिटं मिळतात, ती लावून काम लवकर उरकलं असतं, पण मग वेढा भर पावसाळ्यातला दिसला असता आणि गेमची सगळी मजाच गेली असती, कारण मोगलांच्या बाजूनं खेळणाऱ्याला ठराविक डावांतच किल्ला घ्यावा लागतो, पावसाळा तोंडावर आलेला असतो. ही अट मी उगीच घातलेली नाही, साताऱ्यानंतर तीच फौज परळीला, म्हणजे आपल्या सज्जनगडाला गेली आणि तिथं पावसानं गाठल्यावर परतताना तिचे काय हाल झाले ते इतिहासात आहे.

आता सुटे दगड आणि सुटी भिंत. दादा, ते निखळलेले नाहीत, ते तसेच असतात, माहितीपत्रकात पहिल्याच पानावर लिहिलंय. चढून येणाऱ्या मोगलांवर किल्ल्यावरची माणसं वरनं मोठमोठे धोंडे ढकलायची आणि त्या धोंड्यांनी तोफांएवढंच नुकसान केलं. तुमच्या खोक्यातले ते गोटे म्हणजे मराठ्यांच्या बाजूचा दारूगोळा आहे, आपली पाळी आली की उतारावर सोडायचे आणि जिथं थांबतील तिथली माणसं उचलायची. उताराला मुद्दाम अशा घळी कोरल्यात की गोटा दरवेळी वेगळ्या वाटेनं जातो. ते चिकटवून दिले असते तर अर्धा गेम गेला असता.

भिंतीचं त्याहून महत्त्वाचं. एप्रिलमधे मोगल सरदार तरबियतखानाच्या माणसांनी खणलेले दोन सुरुंग उडाले. पहिल्यानं आतली माणसं गाडली गेली, किल्लेदार प्रयागजी प्रभू ढिगाऱ्याखाली सापडले आणि जिवंत निघाले. दुसऱ्या स्फोटात तट आत न पडता बाहेर कोसळला, खाली चढाईसाठी दाटीनं उभ्या असलेल्या मोगलांच्याच अंगावर, दोन हजारांच्या आसपास माणूस गेलं म्हणतात. म्हणून तटाचा तेवढा तुकडा वेगळा केलाय आणि फासा टाकल्यावर तो आत जाणार का बाहेर ते ठरतं. हा तुकडा हातात घेऊन त्याची मागची बाजू बघा एकदा, आत दगडगोट्यांची भर आणि चुन्याचे पांढुरके ओघळ रंगवलेत, तट फुटल्यावर ती बाजू दिसणार म्हणून. तुमच्या फोटोत भिंत तुम्ही फेविक्विकनं चिकटवलेली दिसतीय, काळजीपूर्वक सुटली तर सोडवा, नाहीतर माझ्याकडं आणा.

अख्खा किल्ला का नाही, ह्याचं उत्तर हिशोबातच आहे. २८ मिमीचा माणूस म्हणजे साधारण १:५६ चं प्रमाण. अजिंक्यतारा पायथ्यापासून हजारेक फूट उंच आहे, त्याला ५६ नं भागलं तर नुसता डोंगर अठरा फूट होतो, घराचं छत फोडून वर जाईल. म्हणून ह्या मापात एक बुरूज, त्याच्या दोन्ही बाजूंचा तट, खालचा उतार आणि मोगलांचे मोर्चे, म्हणजे हल्ल्यासाठी केलेले आडोसे, एवढंच देतो आणि सेटच्या नावात ‘बुरूज’ असं लिहिलेलं आहे. पूर्ण वेढा टेबलावर हवा असंल, करंज्याला बादशहाची छावणी, शहापूरकडं त्याचा मुलगा आझमशहाचा तळ, सगळं एकत्र, तर ६ मिमीत बनवून देतो. खाली शहर मात्र त्यातपण मिळणार नाही, कारण आताच्या पेठा नंतर शाहू महाराजांच्या काळात वसल्या.

थर्माकोल नाही ते. इन्सुलेशनची एक्सपीएस शीट आहे, म्हणजे घट्ट फोम, दाणे सुटत नाहीत आणि कटरनं दगडाची कड नीट कापता येते. तिच्यावर डायरेक्ट स्प्रे मारला तर वितळते, त्यामुळं आधी फेविकॉल आणि काळा रंग ब्रशनं लावून घ्यावा लागतो.

मावळ्यांना त्या काळात युनिफॉर्म नव्हता दादा. ज्याच्या घरी जे होतं ते अंगावर, कुणाचं मुंडासं मळकं पांढरं, कुणाचं लाल, सगळ्यांना भगवं घातलं तर मिरवणूक वाटंल. भगवा झेंडा आहे, तो बुरुजावर. आणि तोंडं भडक वाटली कारण तुम्ही मोबाईल टेकवून फोटो काढलाय. डोकं ज्वारीच्या दाण्याएवढं, ते तीन फुटांवरनं ओळखू यायला पाहिजे, म्हणून गडद बेस, त्यावर तपकिरी वॉश म्हणजे पातळ रंगाचा हात, मग नाक, गालाचं हाड, हाताची बोटं मुद्दाम उजळ करायची. तोड्याची बंदूक धरलेला शिपाई बघा, जामगीच्या, म्हणजे बार पेटवायच्या वातीच्या टोकाला राखेचा करडा आणि त्यात नारिंगी ठिपका आहे. असे थरावर थर देत बसावं लागतं, एक वाळल्याशिवाय दुसरा देता येत नाही, किंमत त्याची आहे. दिवाळीची चित्रं मलापण आवडतात, कुंभारांचं ते काम फार सुंदर असतंय आणि आमच्या घरच्या किल्ल्यावर तीच असतात, पण ती वेगळ्या कामाची.

उशिराचं म्हणाल तर ऑर्डर जुलैतली. दमट हवेत मॅट वार्निशचा स्प्रे मारला की पांढुरकी झाक चढते आणि सगळा रंग मरतो, म्हणून उघडीप मिळाल्यावरच मारतो, बुकिंग घेताना तुम्हाला तसा मेसेज केलेला आणि तुम्ही ‘चालेल’ म्हणाला होता. घाईत पाठवून तुमचा सेट खराब करायची माझी तयारी नव्हती.

वाकड्या भाल्याला मधे स्टीलची तार आहे, गरम पाण्यात अर्धा मिनिट धरून बोटानं सरळ करा, होत नसंल तर आणा, नवीन बसवून देतो, पैसे नकोत. येताना सेटच घेऊन या, रविवारी दुकानात एक डाव खेळू, मी मोगल घेतो, तुम्ही गोटे सोडा.